मंजूर झालेले चार पंखे

आमच्या कंपनीत संचालकाने ठरावाला वर केलेला हात, ठरावाप्रमाणे काम झाल्याशिवाय खाली येत नाही. हे सोमवारच्या बैठकीपासून सुरू झालं. मी कंपनीची सेक्रेटरी, इतिवृत्त मीच लिहिते, म्हणून वेळही सांगते: अकरा वाजून वीस मिनिटं.

विषय होता मिरची कांडपाच्या खोलीत चार एक्झॉस्ट पंखे बसवण्याचा. तो दरवर्षीच असतो. कांडपावरच्या शेवंताअक्का नाकाला पदर लावून सतरा वर्षं अर्ज देतायत. अध्यक्ष आनंदराव डुबल चकली मोडता मोडता विचारतात, "मंजूर?" पाचही संचालकांचे हात वर जातात, आणि बायका शिंकत राहतात. यंदा हात वर गेले ते गेलेच.

"अहो बाई, हे काय?" आनंदराव ओरडले. "शुक्रवारी माझ्या ऋतुजाचं लग्न आहे! कन्यादान काय असं करू?"

मला हसू आवरेना, पण नोंद केली.

"ठराव रद्द करा!"

"त्यालाही हात वर करावा लागेल, साहेब. डावा."

बाकीच्या चौघांनी डावे हात चटकन मांडीखाली दडपले. "जेवायला एक तरी राहू दे," एक जण म्हणाला. रास्तच होतं.

मंगळवारी आनंदरावांनी एक पंखा आणून भिंतीला नुसता टेकवला. हात तसूभर हलला नाही. बुधवारी वायर जोडली, पंखा फिरला, आणि पाचही हात बरोब्बर पाव खाली आले. इतकं चोख ऑडिट आमच्याकडे आजवर झालं नव्हतं! गुरुवारी आणखी एक बसला. आता हात एसटी थांबवायला करतात तसा आडवा. उरलेले दोन पंखे मात्र बाजारात शिल्लक नव्हते. ते शुक्रवारी सकाळी कोल्हापूरहून येणार होते.

शुक्रवारी कन्यादानाची वेळ झाली आणि आनंदरावांचा हात गुरुजींच्या नाकासमोर. त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी कांडपावर फोन लावला. "अक्का, लावा हो लवकर!"

"लावतोय की! आम्ही सतरा वर्षं थांबलो, साहेब सतरा मिनिटं थांबतील न्हवं?"

मग फोनमधून पंख्यांची घरघर ऐकू आली. आनंदरावांचा हात अलगद उतरला आणि लेकीच्या ओंजळीखाली गेला. ते ढसाढसा रडले. मीही.

गुरुजी नवऱ्यामुलाला म्हणाले, "म्हणा, नातिचरामि."

"थांबा!" आनंदराव म्हणाले. "आधी त्याला अर्थ सांगा. कशाला हो म्हणतोय ते कळू दे."

गुरुजींनी सांगितला: हिला डावलून काही करणार नाही, घरात नाही, पैशात नाही, कशातच नाही.

नवऱ्यामुलाने सासऱ्यांच्या हाताकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं, आणि विचार करायला दहा मिनिटं मागितली.

"पंधरा घे," ऋतुजा म्हणाली.