डोरथीबायचं भांडं

२०२३ साल. मी चौसष्ट वर्षांचा. ओमानमध्ये माझी हाडं झिजली, त्यातली शेवटची बरीच वर्षं इब्राच्या एका खोलीत घाग नावाच्या शिंप्याबरोबर गेली. हा माणूस कुणाचं तोंड बघत नाही, माप बघतो. नवा माणूस खोलीत आला की नावगाव विचारायच्या आधी याचं सुरू, "छाती अडतीस, पोट बेचाळीस. बस रे, चहा घे."

मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर मारायचा म्हणून सोडली. पण लाकूड मला फसवू शकत नाही आणि माणूसही नाही. घाग फसवणारा नव्हता. तो दमवणारा होता.

इब्राच्या बाजारात अरबांचे पायघोळ दिशदाशे शिवायचा. गाव आमच्याच रत्नागिरीकडचं. बायको लवकर गेली. एकुलता मुलगा अवी शिकून अमेरिकेत गेला, तिकडेच लग्न केलं. करोनाच्या आदल्या वर्षी अवीने बापाला तीन महिने नेलं, आणि तेव्हापासून आमचं नशीब फिरलं. कारण घाग परत आला तो आख्खं गाव डोक्यात घेऊन.

गावाचं नाव ब्रूकफर्ड. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही, कुठल्या तरी मक्याच्या शेतात पडलेलं गाव. मी तिकडे गेलेलो नाही, जाणारही नाही, पण झोपेतून उठवून विचारा, रस्ता सांगेन. गावात चर्चं सात आणि न्हावी एक. पाण्याची टाकी उंच, तिच्यावर गावाचं नाव मोठ्या अक्षरात.

"म्हणजे कोण विसरला तर वर बघायचं," घाग सांगायचा.

"आणि दादा, गवत! प्रत्येकाच्या दारात गवत. वाढवतात, कापतात, पिशवीत भरून फेकतात. आख्ख्या गल्लीत एक म्हैस नाही रे!"

हे त्याला फार लागलं होतं. जेवता जेवता हात थांबवून म्हणायचा, "एक म्हैस नाही."

माणसांची ओळखही मापातच. टपालवाला, कंबर अठ्ठेचाळीस, पण चालणं हलकं. पेट्रोलपंपावरचा पोरगा, बाही नेहमी आखूड, आई लक्ष देत नसणार. चर्चचा पाद्री, गळा सतरा, आवाज पंधराचा. सगळं गाव ढगळ शिवलेलं, असं त्याचं मत. उसवलं तर टाकून देतात, हे कळल्यावर याने सुनेच्या मशीनवर गल्लीतल्यांच्या प्यांटी दुरुस्त करायला घेतल्या. सून वैतागली. "बाबा, लोक काय म्हणतील?" लोक थँक्यू म्हणत होते.

पण त्या गावातली खरी गोष्ट डोरथीबायची.

एका शनिवारी घाग फिरायला निघाला. शेजारच्या घरापुढे बघतो तर गवतावर सगळा संसार मांडलेला. खुर्च्या, दिवे, बशा, नवऱ्याचे कोट, आणि मधे म्हातारी डोरथीबाय स्टुलावर एकटी, नवरा वारलेला. लोक येऊन वस्तू उलटसुलट करून बघतायत. असं दृश्य त्याने लहानपणी गावी पाहिलं होतं, सावकाराने घरावर जप्ती आणली तेव्हा. त्याने मागचापुढचा विचार केला नाही. बाईजवळ गेला, हात जोडले, "बाय, रडू नको," म्हणाला, आणि एक खुर्ची उचलून घरात नेऊन ठेवली. मग दिवा. मग दुसरी खुर्ची. एका गिऱ्हाइकाच्या हातातून बशा काढून घेतल्या आणि त्याला मराठीत झापलं, "लाज वाटत नाही? विधवा बाई आहे!"

अवी धावत आला तोवर अर्धं सामान आत गेलं होतं. तिकडे म्हणे लोक जुनं सामान असंच अंगणात मांडून विकतात, हौसेने. जप्ती नाही, काही नाही.

"मग?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"मग काय, अवी सॉरी सॉरी करतोय, बाय पोट धरून हसतेय. हसता हसता डोळे पुसायला लागली. अवी म्हणाला, नवऱ्याचे कोट तिने पुन्हा विकायला काढलेच नाहीत."

संध्याकाळी ती काचेच्या भांड्यात सफरचंदाचा गोड पदार्थ घेऊन आली. आता आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. घागने रव्याचे लाडू वळून भांडं भरून नेलं. बायला वाटलं, यांच्याकडची रीत असेल. तिने केक भरून आणला. याने नारळाच्या वड्या. तिने बिस्किटं. याने शिरा. ती इंग्रजीत बोलायची, हा मराठीत, आणि दोघांचं एकदाही वाकडं आलं नाही. सुनेच्या फ्रिजला जागा उरली नाही. "बाबा, प्लीज, आता कुणीतरी थांबा," ती म्हणाली. थांबणार कोण? रिकामं द्यायचं कसं?

विमानाच्या दिवशी बाय पुन्हा भांडं भरून आली. वाटेत खा, अशी खूण केली. घागने खाल्लं, आणि भांडं इब्राला आलं. आता पाळी याची.

तेव्हापासून ते भांडं त्याच्या ट्रंकेत. कुणी हात लावायचा नाही. एकदा खोलीतल्या एकाने त्यात कांदा चिरून ठेवला, तर घाग दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. "परक्याची वस्तू आहे, भरून परत करायची आहे," एवढंच. दर शुक्रवारी अवीला फोन. "डोरथीबाय काय म्हणते? माझं तिकीट कधी?" अवी म्हणायचा, "बरी आहे बाबा. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष यायचं, ऊन तेच, खोली तीच, आणि मी तेच ब्रूकफर्ड ऐकत पडायचो. कान किटले माझे. इतका थकलो होतो की त्या भांड्याचं एकदाचं काय ते होऊ दे, असं झालं होतं.

मग झालं. घागचा अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक सालिम, त्याचा मुलगा अमेरिकेत शिकतो. त्याचं कॉलेज निघालं ब्रूकफर्डपासून तासाभरावर. अर्बाब त्याला भेटायला चालला होता. मीच त्याला विचारलं, भांडं नेशील का, तो म्हणाला, "इन्शाल्ला, मैं खुद जाके देगा."

घागने बाजारातला सगळ्यात महाग ओमानी हलवा आणला. भांड्यात भरला, वर बदाम लावले, पांढऱ्या कापडात बांधून धाग्याने टाके घातले. मी म्हटलं, सुटलो.

संध्याकाळी कामावरून आलो तर हा भांडं मांडीवर घेऊन बसलेला.

"काय रे? बांधून झालं ना?"

"दादा, नको पाठवूया."

"घागा, चार वर्षं डोकं खाल्लंस माझं! आता काय झालं?"

तो टाक्यांवरून बोट फिरवत राहिला.

"हे गेलं की फिटलं रे. मग मला तिकडे कोण बोलावणार?"

"मुलगा आहे की तुझा."

"आहे ना. सोन्यासारखा आहे." मग म्हणाला, "पण अवीकडे माझं काही राहिलेलं नाही. या बाईचं माझ्याकडे आहे. ती म्हणत असेल, येईल तो, माझं भांडं आहे त्याच्याकडे."

मी दिवा लावला आणि भात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्बाबने बाहेर गाडीचा हॉर्न वाजवला. घाग न्हाणीत शिरला आणि नळ मोठा सोडला. मी चपला घालून बाहेर गेलो.

"यल्ला, चलो! घाग किधर? बर्तन किधर?"

मी या देशात मालकाशी कधी खोटं बोललो नाही. हिशेबात नाही, कामात नाही.

"टूट गया, अर्बाब," मी म्हटलं. "रात को गिरा मेरे हाथ से. खलास."

तो चुकचुकला, आणि गाडी गेली. मी आत आलो, टाके उसवले, हलवा ताटात काढला, भांडं गरम पाण्याने घासलं, कोरडं पुसलं आणि ट्रंकेत होतं तिथे ठेवून दिलं.