तांडेल सरांच्या घरचं कार्य

सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉलचा विश्वचषक भारतात होणार असं पेपरात आलं, त्याच आठवड्यात तांडेल सरांनी चिखल्याच्या आपल्या घराला रंग द्यायला घेतला. सामने व्हायचे होते भुवनेश्वरला, गोव्याला, नव्या मुंबईत. चिखल्याकडे कुणी फिरकणारसुद्धा नव्हतं. मी तसं म्हटलं, तर शिडीवरूनच ओरडले, "कार्य आपल्या घरी आहे ना, गुरुजी? मांडव कुठल्या का आळीत असेना!"

यजमान देशाच्या संघाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही, थेट प्रवेश मिळतो, या गोष्टीनं तर ते वेडेच झाले होते. रेशनच्या रांगेत, मासळी बाजारात, एकदा तर कुणाच्या दहाव्याला त्यांनी हे समजावून सांगितलं. "घरच्याला आमंत्रण लागतं काय? आपल्या पोरी थेट पानावर बसणार!" एसटीत कंडक्टर म्हणाला, "सर, तिकीट." तर म्हणे, "घेतो रे. पण थेट प्रवेश! बराबर ना?"

आम्ही दोघं सायवनकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत बरीच वर्षं एकत्र होतो. मी मुख्याध्यापक, ते सहशिक्षक. शाळा दोनच शिक्षकांची. ते मच्छीमारांच्या घरातले, त्यामुळे आमच्या गोलाला घरची जुनी मासळीची जाळी. सुक्या बोंबलाचा वास असा, की सामन्याआधी गोलातली मांजरं हाकलावी लागत. त्यांच्या गणितात गाड्या कधी एकमेकींकडे धावल्या नाहीत, नेहमी फुटबॉलचे दोन बॅक धावले. माणूस भेटला की त्याला मैदानावरची जागा देऊन टाकायचे. तपासणीला आलेल्या साहेबांना म्हणाले, "साहेब, तुम्ही उजव्या बगलेला शोभाल." शेऱ्यात काय लिहावं ते साहेबांना सुचेना. माझ्याबद्दल म्हणायचे, "आमचे गुरुजी बेंचवरचे. मॅच संपेपर्यंत कपडे स्वच्छ." मीही हसायचो.

त्यांची सगळी मदार वनितावर होती. आमच्याच शाळेत शिकलेली, पाड्यावरची पोर. ती गोलात उभी राहिली की गोल लहान वाटायचा, इतके तिचे हात लांब. शाळा सुटली तरी सरांनी तिला सोडलं नाही. दर रविवारी चिखल्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वाळूत तिला उभी करायचे आणि दमेपर्यंत चेंडू मारायचे. विश्वचषकाच्या संघासाठी मुंबईकडे निवड चाचणी आहे असं कळलं, तेव्हा सर नवा शर्ट घालून तिला घेऊन गेले.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. नीट सांगायचं तर त्याच्याही बारा वर्षं आधीपासून.

त्या जूनमध्ये शाळेचा पट एका मुलानं कमी भरत होता. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार, म्हणजे तांडेल सरांची बदली होणार. मी पाड्यावर फिरलो. वनिताची आई भाताच्या रोपांसाठी राब भाजलेलं रान साफ करत होती. "केवढी आहे पोर?" विचारलं तर म्हणाली, "आहे आपली, एवढी." आमच्याकडे तेव्हा जन्माचे दाखले कुणाकडे असत? डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरता आला की सहा वर्षं पूर्ण, असा हिशोब. वनितानं हात टाकला आणि कान सहज धरला. ती साडेचार-पाचाच्या वर नव्हती हे मला दिसत होतं. पण हात पोचला ना? मी सहा वर्षं लिहिली. जन्मतारीख एक जून. सगळ्यांचीच आम्ही तीच लिहायचो.

चाचणीच्या मैदानावर टेबलापाशी बसलेल्या माणसानं शाळेचा दाखला बघितला आणि म्हणाला, "ही बसत नाही. सात महिन्यांनी मोठी आहे."

सर म्हणाले, "दाखल्यावरचं वय चुकीचं आहे, साहेब. पोर त्याहून लहान आहे."

"म्हणजे खोटा दाखला घेऊन आलात?"

सरांनी तिथूनच मला फोन लावला. मी निवृत्त होतो. भिंतीवर आदर्श शिक्षकाचा शाल-श्रीफळ घेतलेला फोटो होता. सर म्हणाले, "गुरुजी, एवढंच सांगा यांना, की तारीख अंदाजानं लिहिली होती." पलीकडे तो माणूस ऐकतो आहे हे मला कळत होतं. पटाची चौकशी, पेन्शन, तो फोटो, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "नोंद बरोबर आहे."

मी खरं बोललो असतो तर तिला घेतलं असतं की नाही, ठाऊक नाही. ते मला कधीच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था मीच केली.

बरं, तेवढ्यावर थांबलो का? दुसऱ्या दिवशी डहाणूला चहाच्या टपरीवर मीच म्हणालो, "आमचे तांडेल जरा घाई करतात हो. पोरीचं वय कमी करायला निघाले होते." सरांनी माझं नाव घेण्याआधी आपणच बोललेलं बरं, म्हणून. आठवड्यात ते तलासरीच्या बाजारापर्यंत पोचलं. तालुक्यातल्या प्रत्येक सामन्याला सरांची शिट्टी असायची. लोकांनी पंच म्हणून त्यांना बोलावणं बंद केलं. वयचोर मास्तर, असं पोरं मागून म्हणायची. सरांनी कुणालाही उत्तर दिलं नाही.

विश्वचषक झाला. आपल्या मुली सगळे सामने हरल्या. ते सामने सरांनी रंगवलेल्या घरात एकट्यानं बघितले, पाहुण्यांच्या प्रत्येक गोलला उभं राहून टाळ्या वाजवल्या, असं शेजारी सांगतात. शेवटी म्हणाले म्हणे, "पाहुण्यांना रिकाम्या हातानं नाही पाठवलं आपण."

गेल्या महिन्यात मी चिखल्याला गेलो. रविवार होता. सर ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी चप्पलही न काढता सगळं बोलून टाकलं. पट, कान, फोन, चहाची टपरी.

"बसा तरी," सर म्हणाले. सुई चालूच होती. "गुरुजी, तिचा पुढचा दुधाचा दात पडला तेव्हा ती तिसरीत होती. माझ्याच वर्गात. मला काय कळलं नसेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? त्या साली पट भरला नसता तर मी गेलो असतो मोखाड्याला. बायको अंथरुणाला खिळलेली. सायवनहून निदान रात्री घरी येता यायचं. शेवटची दोन वर्षं तिच्या तोंडात दोन घास मी घातले ते त्या पोरीच्या जिवावर." त्यांनी सुई खाली ठेवली. "फोनवर तुम्ही 'बरोबर आहे' म्हणालात ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. नायतर पुढचा सवाल मलाच होता, ठाऊक होतं तर इतकी वर्षं गप्प का. तिला म्हटलं, चल, वडापाव खाऊ. तिचं वर्ष आपण दोघांनी खाल्लं, गुरुजी."

आत चुलीवर कालवण होतं, दोन माणसांचं. उंबरगावला एका कंपनीत वनिता पॅकिंगला जाते. रविवारी सुट्टी असते, ती इकडे येते. सर पहाटेच उठून बाजारातून तिच्यासाठी ताजे बोंबील आणतात. एरवी ते एकटे भात आणि लोणच्यावर भागवतात.

ती आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. शाळेत मी वर्गात शिरलो की ती उठून उभी राहायची. तिला सगळं सांगितलं. मध्ये सर म्हणाले, "मला पण ठाऊक होतं, बाय." तिनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"मंग माझा जन्म खरा कवाचा?" तिनं विचारलं.

आम्हा दोन मास्तरांपैकी कुणालाच सांगता येईना. तिची आई आता नाही.

"दाखला बदलून घेऊ," मी म्हणालो. "मी येतो तहसीलला. लिहून देतो सगळं."

"आता काय करू त्याचा?" ती म्हणाली. मग कोपऱ्यातला चेंडू उचलून पायऱ्या उतरली. मागे न बघता म्हणाली, "सर, चला. पाणी भरायला लागलंय. गुरुजी, तुमी माझ्या मागं उभं राहा. बॉल पाण्यात जातात."

मी धोतर खोचून तिच्या मागे गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. सर मारत होते, ती अडवत होती. जे सुटत होते ते मी आणून देत होतो. दम लागत होता. दर वेळी ती हात पुढं करून चेंडू घेई आणि वळे.