नवरदेवाचं तोंड ब्लर केलं तेव्हा

आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर दिवसाला अकरा भेटी व्हायच्या. त्यातल्या नऊ माझ्याच. (उरलेल्या दोन अण्णांच्या. साइट अजून जिवंत आहे का, ते बघायला.)

बसवनगुडीत आमचं फेटे आणि मुंडावळ्यांचं दुकान आहे. बी.कॉम. झाल्यावर मी ते ऑनलाइन न्यायचं ठरवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील प्रताप, म्हणाले, "सरी, चालेल. एक महिना दिला. साइटवरून एक तरी ऑर्डर आण. नाहीतर साइट बंद, आणि तुझी आत्या सांगेल ते स्थळ मुकाट्यानं बघायचं."

सगुणाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ती स्थळ सुचवत नाही, उरकते. आमची चंदनाताई मुलगा बघायला म्हणून गेली आणि साखरपुडा करूनच परत आली. तेव्हापासून आत्याचं नाव फोनवर दिसलं की मी फोन पालथा घालते.

एकोणतिसाव्या दिवशी मी धाडस केलं. मॉडेल परवडत नव्हती, म्हणून मुंडावळ्या स्वतःच बांधल्या. नवरदेव म्हणून शेजारच्या शिवाप्पांच्या कापडदुकानातला सूट घातलेला पुतळा उभा केला आणि त्याला आमचा फेटा चढवला. त्याचं नाक उडालेलं होतं, म्हणून तोंड ब्लर केलं. फोटो समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'बाकीचे फोटो आमच्या साइटवर!'

दुपारपर्यंत सहाशे चाळीस भेटी! मी दुकानातल्या दुकानात नाचले. मग चौकशीचे मेसेज उघडले.

'मुलगा कुठल्या कंपनीत?'

'तोंड का लपवलंय?'

'आम्हाला बोलावणं नाही. लक्षात ठेवू.'

तेवढ्यात फोन वाजला. आत्या!

"यशवंतपूरला मेट्रोत बसलेय. प्रतापाला काही सांगू नकोस. त्याला धक्का मी स्वतः देणार."

"आत्या, अगं ऐक तरी..."

फोन बंद. (ऐकून घेणं हे मोठ्यांच्या अभ्यासक्रमातच नसतं.) राजाजीनगरला पुन्हा वाजला.

"कोण आहे तो?"

"शिवाप्पांकडचा आहे गं, पण तो..."

"म्हणजे आपल्यातलाही नाही!"

मॅजेस्टिकला तिची शुगर वाढली. चिकपेटला नुसता श्वास ऐकू आला. त्या श्वासानं माझी उरलीसुरली हिंमत गेली. आता दोनच स्टेशनं राहिली होती. पुरावा हवा म्हणून मी शिवाप्पांकडे धावले.

"शिवाप्पा, पुतळा द्या! लवकर!"

"स्वल्प थांबम्मा. गिऱ्हाईक त्याची पँट बघतंय."

गिऱ्हाइकानं पँट घेतली. मी उरलेला पुतळा काखेत मारून पळत आले, तर दुकानाच्या पायरीवर आत्या उभी. मी घामाघूम, आणि काखेत बिनपँटचा नवरदेव.

आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बोटानं छातीवर टकटक केलं.

"प्रतापा," ती आत ओरडली, "हा पोकळ आहे!"

"पुतळाच आहे तो, आत्या!" मी रडकुंडीला आले. "फक्त फोटोपुरता!"

अण्णा गल्ल्यामागून उठले. तेवढ्यात माझा फोन टिंग वाजला. साइटवरून पहिली ऑर्डर! बारा फेटे!

"अण्णा, ऑर्डर आली! आता स्थळबिळ काही नाही!" असं किंचाळून मी सोबतचा निरोप मोठ्यानं वाचायला घेतला. (आधी मनात वाचायचा असतो, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत.)

'नमस्कार. मी तनय, महादेवपुरा. सगुणाआत्यांनी तुमचं स्थळ मला सांगितलं होतं. त्यांना नाही म्हणायची हिंमतच होत नव्हती. तुमच्या लग्नाचा फोटो पाहिला आणि एकदम रिलॅक्स झालो. तुमचं स्थळ हातचं गेल्यावर घरचेही माझ्या पसंतीला हो म्हणाले. बारा फेटे पाठवा. थँक यू सो मच!'

आत्या पुतळ्याच्या खांद्याला धरून उभी राहिली. अण्णांनी मात्र माझ्या हातातून फोन घेतला, निरोप पुन्हा एकदा वाचला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

"अक्का," ते म्हणाले, "हिचं स्थळ अजून कुणाकुणाला सांगितलंयस? त्या सगळ्यांना ही लिंक पाठव."