संत्र्याला ताण

केळझरच्या गणपतीची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. (शपथ देवळात घेतलेली नाही, बाहेर चहा पिताना घेतली, तेव्हा ती कपाएवढीच धरा.) सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणजे मी तेव्हा यवतमाळला होतो, पण किसनरावांनी स्वतः सांगितलं, आणि ते खोटं बोलत नाहीत. वाढवतात फक्त.

किसनराव नालवाडीचे, रिटायर्ड हेडक्लार्क. बायको कोकिळाबाई दसऱ्यापासून पुण्याला, मुलाकडे, नातीला सांभाळायला. घरात उरले दोघं: किसनराव, आणि गच्चीवर निळा ड्रम कापून त्यात लावलेलं संत्र्याचं झाड. झाड कोकिळाबाईंचं. तसे किसनरावही त्यांचेच. पण रोज संध्याकाळी सातला फोन यायचा तो झाडासाठी.

"पाणी टाकलं का जी?"

"टाकलं."

"पानं पिवळी तं नाई?"

"नाई."

"बरं. ठेवू मंग."

मधल्या काळात किसनरावांचा गुडघा सुजला, उतरला, पुन्हा सुजला. फोनवर हा विषय निघाला नाही. एकदा त्यांनी मुद्दाम लांबलचक खोकून पाहिलं. पलीकडून काळजीचा आवाज आला, "गच्चीवर धूळ उडून राह्यली काय? झाड धुऊन घेजा."

संक्रांतीनंतर सेलूचे तानबा भेटले. यांची संत्र्याची मोठी बाग. किसनराव सहज म्हणाले, झाड तीन वर्षांचं झालं पण फुलत नाही.

"ताण देल्ला काय त्याले?" तानबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पाणी तोडाचं. पानं मलूल झाली का झाडाले वाटते, आता आपलं काई खरं नाई. मंग पाणी सोडाचं. असं फुलते का पाह्यत राहा. रोज पाणी भेटलं तं कायले फुलंल ते? कदरच नसते त्याले, किसनभाऊ."

यातलं शेवटचं वाक्य किसनराव घरी घेऊन आले. रात्री खिचडी खाताना (एका माणसाची खिचडी कधीच एका माणसाची होत नाही, उद्या सकाळीही तीच) त्यांना उमगलं की चार महिने आपण पहिल्या रिंगला फोन उचलतोय. कदर कुठून राहणार?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन्हीकडचं पाणी तोडलं. झाडाचं, आणि पुण्याचं.

सातला फोन वाजला. किसनराव समोर खुर्ची टाकून, हात मांड्यांखाली दाबून बसले. चार वेळा वाजला. किसनरावांना चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी लागोपाठ चार वेळा बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा वाजला. ते त्या आनंदात अंघोळ करून केस विंचरून बसले. गच्चीवर पानं वळून सुरळ्या झाल्या होत्या. ताण दोन्हीकडे बरोबर बसत होता.

तिसऱ्या दिवशी फोन वाजलाच नाही.

सात वाजले, सव्वासात झाले. किसनरावांनी चार्जिंग पाहिलं, आवाज वाढवला, फोन खिडकीत नेऊन ठेवला. शेवटी कुंपणापाशी जाऊन शेजारच्या मंदाबाईंना हाक मारली.

"मंदाबाई, एक रिंग देता काय? फोन बिघडला वाटते."

मंदाबाईंनी रिंग दिली. फोन खणखणीत वाजला.

"बिघडला नाई भाऊजी," त्या म्हणाल्या. "वहिनी गाडीत हायेत, रेंज नसंल. म्या सकाळीच सांगतलं त्याइले, का भाऊजी पाणी नाई टाकून राह्यले, नुसते झाडापाशी उभे राह्यतेत."

सकाळी दारात ऑटो थांबला. किसनराव धुतलेला शर्ट घालून पायरीवर उभे होते. कोकिळाबाई उतरल्या, बॅग त्यांच्या हातात दिली आणि चपला न काढता जिना चढल्या.

"तानबा म्हणे—" किसनराव मागून म्हणाले.

"तानबाची जमीन हाय. हा ड्रम हाय. तीन दिवसांत मरते ना ते. येवढी अक्कल काऊन नाई तुमाले?"

त्यांनी बादलीनं हळूहळू पाणी घातलं. मग वळून किसनरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळले जी तुमी."

आठ दिवस राहिल्या. वांग्याची भाजी केली, पडदे धुतले, आणि पुण्याला गेल्या.

त्यानंतर आठवडाभरानं झाड फुललं. ड्रममधलं झाड ते, पण वास जिन्यातून खाली बिछान्यापर्यंत यायचा. किसनरावांनी व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा झाडाकडे नाही, त्यांच्याच चेहऱ्याकडे होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"दिसते काय?"

"अजी, बाजूले व्हा," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुमच्यानं झाड दिसत नाई."

आता कबुली. ताण खरा, अकरा रिंगा खऱ्या, व्हिडिओ कॉल तर मंदाबाईंनीही ऐकला. बनवलेलं एकच वाक्य आहे. प्रत्यक्षात कोकिळाबाई "किती वाळलं बापा हे" असं म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांचा हात पानांवर होता. ते मी किसनरावांकडे वळवलं.

छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं. चष्मा काढून, पुसून, परत लावून ते म्हणाले, "बाकी काय खोडाचं ते खोडा. तेवढं राहू द्या."