ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी

चार दिवस ऑक्सिजन लावल्यावर किशनरावांचा दमा बसला आणि कस्तुराबाईचा जीव भांड्यात पडला. भांड्यात पाणी मात्र नव्हतं. लातूरचा जिल्हा झाला, पाट्या रंगल्या. दुष्काळात दवाखान्याचा नळ कोरडाच. वॉर्डात प्यायला एकच घागर होती, सिस्टर पंचशीला रोज घरून भरून आणायची ती.

अशात निलंग्याच्या गाडीनं दीर भुजंगराव भेटायला आले. कस्तुराबाई घागरीकडं वळली, तर त्यांनी हळूच विचारलं, सिस्टर कुठल्या घरची. कळलं तसे म्हणाले, तहान न्हाई. जीभ मात्र ओठांवरून फिरत होती.

उन्हातून आलेला पाहुणा कोरडा कसा धाडायचा? कस्तुराबाईची नजर ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीवर गेली. नितळ पाणी, चार दिवस नुसतं बुडबुडे काढत बसलेलं. तिनं बाटली फिरवून काढली, पेला भरला, रिकामी बाटली परत लावली. भुजंगराव घटाघटा प्याले.

घटकाभरात किशनरावांचं नाक सुकून चुरचुरायला लागलं. कस्तुराबाईनं खोबरेल तेलाचं बोट आत फिरवलं. तृप्त झालेल्या भुजंगरावांनी बिडी काढली. काडी ओढणार, तोच पंचशीला धावत आली आणि काडीपेटीच हिसकावली.

"समदा वॉर्ड उडवायचाय का? ऑक्सिजनजवळ जाळ न्हाई, तेल न्हाई, चार दिस सांगून राहिले मी. आन् बाटलीतलं पाणी कुठं गेलं?"

कस्तुराबाईनं दिराकडं पाहिलं.

पंचशीलानं नाकातलं तेल पुसलं, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर रेघेपर्यंत ओतलं. बुडबुडे सुरू झाले, किशनरावांची छाती संथ हलू लागली, तेव्हा कुठं ती बोलली.

"ह्या पाण्यानं हवेला ओल मिळते, मामा. तुम्ही प्यालात ते बी मीच भरलं होतं."

भुजंगराव खाकरायला लागले. उशीर झाला होता.

खाटेवरून किशनराव म्हणाले, "भुजंग, चार दिस माझा श्वास हिच्याच पाण्यातून येऊन राहिला. मी बी परत करू का?"

 कस्तुराबाईनं घागरीतून पेला भरला, आधी स्वतः प्याली, मग पंचशीलाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दुसरा पेला दिरापुढं धरला. सगळा वॉर्ड बघत होता.

"आणा, वयनी," भुजंगराव खाली बघून म्हणाले. प्याले. "गार हाय."

दुसऱ्या दिवशी पंचशीला मोकळ्या हातानं कामावर आली. घागर मागून येत होती, रात्री मुक्कामाला राहिलेल्या भुजंगरावांच्या खांद्यावर. दारात कुणीतरी बिडी ओढत उभा होता. भुजंगरावांनी त्याला बाहेर घालवलं आणि सिस्टरकडं बघितलं, शाबासकी मिळते का म्हणून.