भंतेंचा एकेक चमचा

"ताई, आजपासून गोड बंद!" प्रयोंगने कुंपणापलीकडूनच आरोळी ठोकली, तेव्हा लमैमावशी भट्टीतून मो केंगचं ताट बाहेर काढत होती. मूगडाळ, नारळाचं दूध, अंडी आणि ताडाचा गूळ एकत्र घोटून भाजायचं, वर तळलेला कांदा पसरायचा, की झालं मो केंग. वास मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जातो. फेत्चबुरी गावात ताडाची झाडं माणसांहून जास्त. इथे गोड न करणारी बाई दिसलीच, तर तिचं माहेर दुसऱ्या गावचं आहे असं खुशाल समजावं.

"कुणाचं बंद?" मावशीने विचारलं.

"थोरल्या भंतेंचं. म्हणजे आपण त्यांना द्यायचं बंद."

"मग या ताटाचं काय करू?"

"नातवंडांना द्या. नाहीतर इकडे आणा थोडं, मी विल्हेवाट लावते."

प्रयोंग ही गल्लीची आरोग्यसेविका. रक्तदाब मोजायचं यंत्र खांद्याला अडकवून ती हिंडायची, आणि ती वळणावर दिसली की घराघरांत बशा झाकल्या जायच्या. आदल्या दिवशी ती थोरल्या भंतेंना इस्पितळात घेऊन गेली होती. साखर बेसुमार चढली होती. डॉक्टरीणबाईंनी हात जोडून, पण स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपेपर्यंत साखर उतरली नाही, तर भंतेंना बँकॉकला न्यावं लागेल. तिकडे भिक्खूंच्या इस्पितळाशेजारच्या विहारात राहायचं. कायमचं.

मावशीने ताट खाली ठेवलं. भंतेंनी तिच्या लग्नात मंगलजल शिंपडलं होतं, मुलाचं नाव ठेवलं होतं आणि सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा थविन गेला तेव्हा चिता विझेपर्यंत ते उन्हात उभे राहिले होते. ते बँकॉकला गेले तर सकाळी दारात भिक्षापात्र घेऊन कोण उभं राहणार?

"पण भंते एवढं खातातच कशाला गं? सगळं खायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"तेच तर! कुणी आईच्या नावानं देतं, कुणी बापाच्या. खाल्लं नाही तर देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून ते प्रत्येकाचा एकेक चमचा खातात. आता आपली गल्ली केवढी लांब, सांगा बघू!"

वर्षावासाच्या पहिल्या दिवशी गावचे पुरुष दारू सोडतात. यंदा गल्लीतल्या बायकांनी विहारात बसून गोड सोडलं. भंतेंच्या पात्रात गोड घालायचं नाही आणि सोबत म्हणून आपणही खायचं नाही, असं ठरलं आणि त्यासाठी मंडळच निघालं. मंडळ म्हटलं की टी-शर्ट आलेच. तळलेली केळी विकणाऱ्या समरुआयला गुलाबी हवे होते, प्रयोंगला पांढरे. त्यावर इतका वाद झाला की शेवटी भंतेंनीच डोळे मिटून घेतले आणि बायकांनी तो गुलाबीला होकार धरला.

पहिले दिवस झकास गेले. मावशी पात्रात भात, मासा आणि उकडलेला भोपळा घालायची. पण मग एका पहाटे थविन स्वप्नात आला. टेबलाशी बसला होता, समोर रिकामं ताट, आणि तो तिच्याकडे नुसता बघत होता. 

मावशी घामाघूम होऊन उठली. थविनला मो केंग म्हणजे जीव की प्राण. तो गेल्यापासून ती रोज त्याच्या नावाने भंतेंना मो केंग देत आली होती. भंतेंनी खाल्लं की ते त्याला पोचतं, यावर तिची पक्की श्रद्धा. आणि आता ते माणूस तिकडे उपाशी बसलं होतं!

ती समरुआयकडे गेली. समरुआयने सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही आकडा-बिकडा दिला का त्यांनी? लॉटरीचा?"

"मेले, माझा नवरा उपाशी आहे आणि तुला लॉटरी सुचतेय!"

दुसऱ्या दिवशी मावशीने मो केंगचा एक लहानसा तुकडा केळीच्या पानात गुंडाळला आणि भाताच्या पिशवीच्या तळाशी सारला. एकच तुकडा. बाकीच्या एवढ्या बायका नेम पाळताहेत, तिथे आपल्या एका चमच्याने काय आभाळ कोसळणार आहे? असं मनाला समजावून तिने पात्रात पिशवी ठेवली, चपला काढून हात जोडले आणि भंतेंच्या नजरेला नजर द्यायचं टाळलं.

पुढच्या तपासणीत भंतेंची साखर आणखी चढलेली निघाली.

प्रयोंग चक्रावली. तिने मंडळाची बैठक बोलावली आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत विचारलं, "कुणी गोड देतंय का?"

"छे!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मावशीचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"मग चालणं कमी पडतंय," प्रयोंगने निदान केलं. "भंतेंची फेरी वाढवू या. कालव्याच्या पुलावरून पलीकडच्या गल्लीत जायचं आणि बाजाराकडून परत."

भंते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून पलीकडे निघाले. पलीकडच्या गल्लीत दिवाळी झाली म्हणा ना! थोरले भंते आपल्या दारी? त्या लोकांनी कसलाही नेम घेतलेला नव्हता. त्यांनी नारळाच्या वड्या, पाकातली रताळी, गोड चिकट भात असं घरातलं उत्तमातलं उत्तम बाहेर काढलं. भंतेंनी प्रत्येकाचा एकेक चमचा खाल्ला. जितकं चालणं वाढलं तितके चमचे वाढले, आणि साखरेने पुन्हा उडी मारली.

तेव्हा प्रयोंगने अख्खं मंडळच रस्त्यावर उतरवलं. रोज पहाटे भंतेंच्या मागे आदराचं अंतर ठेवून सगळ्या गुलाबी बायका चालू लागल्या. मावशीला आवाज चांगला म्हणून तिला पलीकडच्या गल्लीत पुढे धाडलं जाई. "गोड देऊ नका हो! भंतेंच्या तब्येतीसाठी! पुण्य भाजीतही असतं!" असं ती दारोदार सांगत जायची, आणि तिचं मो केंग मागून येणाऱ्या हातगाडीत भाताखाली गपचूप पडलेलं असायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! रात्री तिला स्वतःची लाज वाटायची. पण थविनचं रिकामं ताट आठवलं की सकाळी हात आपोआप केळीच्या पानाकडे वळायचा.

पात्र भरलं की त्यातलं अन्न मागच्या हातगाडीत ठेवत. ती गाडी ढकलायचे विहाराचे सेवक प्लेककाका. त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून त्या दिवशी व्यायामही होईल म्हणत मावशी आणि समरुआयने गाडी हाती घेतली. गाडीमागे विहारातली कुत्री नेहमीसारखी डुलत चालली होती. वर्षावासात गावात कुणी जाड झालं असेल तर ती कुत्रीच.

पूल चढता चढता प्रयोंग मागे वळून म्हणाली, "आज विहारात पोचलो की मी एकूण एक पिशवी उघडून बघणार आहे. पलीकडच्या गल्लीतलं कोण ऐकत नाही, ते कळू दे एकदा."

 मावशीने एक हात गाडीवरून काढला आणि आपली पिशवी चाचपू लागली. समरुआय जोर लावतेय तोवर गाडी कुठे जात नाही, असा तिचा हिशेब होता. दुसऱ्या बाजूला समरुआयचाही नेमका हाच हिशेब होता. दोघींचे हात पिशव्यांच्या ढिगात एकमेकींना भेटले.

"तू काय शोधतेस गं?"

"आणि तुम्ही?"

तेवढ्यात गाडी पुलाच्या माथ्यावर पोचली आणि तिने स्वतःच चालायचं ठरवलं. "अगं धरा! धरा!" मागून लंगडत येणारे प्लेककाका ओरडले. गाडी उतारावरून धडधडत निघाली. भंते शांतपणे एक पाऊल बाजूला झाले, गाडी त्यांच्या चिवराला वारा घालत गेली आणि केळीच्या झुडपात जाऊन उलटली. पिशव्या फुटल्या. भाताखालून, माशांखालून, उकडलेल्या भोपळ्याखालून गोडाचे नाना प्रकार रस्त्यावर अवतरले, आणि कुत्र्यांनी देवाचे आभार मानले.

फेत्चबुरीच्या बाईला शेजारणीचं गोड तोंडात घालावं लागत नाही, नुसतं बघून कळतं. "हे मो केंग लमैताईंचं. कांदा एवढा खरपूस दुसरं कोण तळतं?" "आणि हे पाकातले अंड्याचे थेंब समरुआयचे!" एकेकीचं बिंग फुटत गेलं. आश्चर्य म्हणजे सगळ्यांत आधी ओरडायला हवी होती ती प्रयोंग एकदम खाली बसली होती.

"तू काय गं, लागलं का तुला?" मावशीने विचारलं.

"नाही. जरा दमले."

ती उठेचना. शेवटी एका कुत्र्याने तिच्याखालून एक पुडकं ओढून काढलं. त्यात ड्युरियन हे फणसासारखं फळ घातलेला गोड भात होता.

"बाबांना आवडायचा हो," प्रयोंग रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही सगळ्या पाळताय, माझ्या एकीच्यानं काय होतंय!"

 भंते पुलाच्या कठड्यावर टेकले. बायका खाली मान घालून समोर बसल्या.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," भंते म्हणाले. "डोकं भादरलं म्हणून जीभ थोडीच संन्यास घेते? मीही गप्प बसलो. मो केंग फार छान झालं होतं, लमै."

मावशीला हसावं की रडावं कळेना. "भंते, चूक झाली. पण हे स्वप्नात आले होते. समोर रिकामं ताट होतं. उपाशी बसले होते बिचारे!"

"ताट रिकामं होतं, म्हणजे उपाशी होता की जेवून झालं होतं?"

 हे मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"थविन कशानं गेला, लमै?"

"साखरेनं," मावशी पुटपुटली.

"आणि गेली सहा वर्षं तू त्याला रोज काय पाठवते आहेस?"

 मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई गं! म्हणजे मी त्यांना तिकडेही..." तिने पदरासारखा टी-शर्टच डोळ्यांना लावला. "भंते, तिकडे डॉक्टर असतात का हो?"

"तिकडचं मला ठाऊक नाही. मी अजून गेलेलो नाही, आणि तुम्ही मनावर घेतलंत तर इतक्यात जाणारही नाही. पण आपण पाठवू ते पोचतं असं तू मानतेस ना? मग पाठवतेस काय, ते बघ."

दुसऱ्या दिवशी मावशीने कारली आणली. कडू ते कडूच, साखरेत घोळा नाहीतर तुपात तळा! थविनने हयातीत कारल्याला बोट लावलं नव्हतं. तिने केलेलं कारल्याचं सार तो खिडकीतून बदकांना घालायचा आणि बदकंही तोंड फिरवायची. मावशीने सार पिशवीत भरलं, रबर बांधलं, भंतेंच्या पात्रात ठेवलं आणि डोळे मिटून नवऱ्याच्या नावाने पुण्य सोडलं.

"आता जाल कुठे?" ती मनातल्या मनात म्हणाली. कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

गल्लीत ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. प्रयोंगने वडलांना दुधी पाठवला. समरुआयने सासूच्या नावाने कडुलिंबाचा मोहर उकडून दिला, तोही जरा जास्तच भक्तिभावाने. सासूने तिला आयुष्यभर जे काय ऐकवलं होतं, त्या मानाने हे सौम्यच, असं तिचं म्हणणं होतं. भंते प्रत्येकीचा एकेक चमचा खात. कारल्याच्या चमच्याला त्यांचा एक डोळा आपोआप मिटायचा, पण तक्रार नव्हती. घरी वेगळं कोण रांधणार, म्हणून बायकाही तेच जेवू लागल्या. पलीकडच्या गल्लीनेही हळूहळू भाज्यांवर मान तुकवली. कुत्री तेवढी रोडावली.

वर्षावास संपला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी भंतेंचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बँकॉकला जायचं कारण नाही." प्रयोंग इस्पितळातच इतक्या मोठ्याने रडली की शेजारच्या खोलीतून दोन परिचारिका धावत आल्या.

नेम संपला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं कुणालाच बंधन नव्हतं. मावशी निवांत पडून राहणार होती, पण पहाटेच थविन पुन्हा आला. टेबलाशी नव्हता, रस्त्यात उभा होता. पोट आत गेलेलं, तोंड मात्र कारलं चावल्यासारखं.

"अहो, बारीक दिसता!" ती म्हणाली.

"नाही तर काय! इथे सगळ्यांकडे तेच येतंय. कुणाला दुधी, कुणाला पाला. अदलाबदल तरी कशाशी करणार? म्हणून आपल्या गल्लीतले आम्ही सगळे सकाळी चालायला लागलोय. समरुआयची सासू पुढे असते. बसू देत नाही कुणाला." तो दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "पण लमै, आता दम लागत नाही बरं का."

मावशी जागी झाली तेव्हा उशी ओली होती आणि ती हसत होती. तिने गुलाबी टी-शर्ट चढवला. फाटकाशी प्रयोंग उभी होती, "सहज, हवा खायला" म्हणत. समरुआय "झोपच येईना" म्हणत आली. मागोमाग बाकीच्याही आपापली सबब घेऊन हजर झाल्या.

मावशीने स्वप्न सांगितलं. समरुआय पुढे सरसावली. "आकडा दिला का काही?"

"नाही गं. पण तुझ्या सासूबाई तिकडे सगळ्यांच्या पुढे चालतात म्हणे."

 समरुआयने वाकून बुटांच्या नाड्या घट्ट आवळल्या आणि आजवर कायम शेपटाला असलेली ती बाई तरातरा निघून सगळ्यांच्या पुढे गेली.