चार सिलिंडरची पाठवणी

अख्ख्या चांदा जिल्ह्यात डिझेल इंजिन माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. असं मी स्वतःच सांगत फिरायचो, म्हणजे शंकेला जागाच नव्हती!

सत्तावन्न साली भैयाजी ठेकेदारांनी लाकडं वाहायला छोटा ट्रक घेतला. कोरा करकरीत, चार सिलिंडरचा, डिझेलवर चालणारा! ड्रायव्हर मी, मुखरू. त्याआधी मी जन्मभर पेट्रोलची गाडी हाकलेली. माझ्या कमळाच्या लग्नाला भैयाजींनी ट्रक दिला तेव्हा मी गावभर सांगितलं, "माही पोरगी बैलबंडीत नाई बसणार! इंजनावर कुरखेड्याले जाईल!"

लग्नात वाजंत्री कमी पडली, म्हणून मी मांडवाशेजारी ट्रक चालू करून ठेवला. लोक नवरदेवाला सोडून इंजिन बघायला! बायको मनकर्णा येऊन म्हणाली, "बंद करा ना जी ते!" छे! शेवटी टाकी कोरडी पडली आणि ते आपणच बंद झालं. मी पिंपातलं डिझेल ओतलं आणि निवांत झोपलो.

सकाळी पाठवणी. आमच्या गावात गुणाबाईनं सूर लावल्याशिवाय पाठवणीचं रडणं सुरू होत नाही. तिनं सूर लावला, सगळ्या बायका रडल्या. कमळा आईच्या गळ्यातून सुटून जावयाशेजारी बसली. मी ऐटीत स्टार्टर मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प! बायकाही गप्प.

"काऊन जी, मुखरूभाऊ?"

"गरम होऊन राह्यला!"

पुन्हा स्टार्टर, पुन्हा घरघर, पुन्हा गुणाबाईचा सूर. पुन्हा बंद!

"आंधी चालू करा भाऊ," गुणाबाई वैतागली, "मंग रडू आमी! डोये कोरडे झाले!"

कमळाला उतरताही येईना. पाठवणीत उंबरा ओलांडलेली पोर, माहेरचं माणूस तिला सासरहून आणायला गेल्याशिवाय पुन्हा घरात येत नाही, अशी आमच्याकडची रीत. आपल्याच दारात पाहुण्यासारखी बसून राहिली. मनकर्णानं खिडकीतून तिला पाणी पाजलं, भात भरवला. मायलेकी खूप वेळ बोलत होत्या. मी बॉनेटमध्ये डोकं खुपसून होतो.

मग आठवलं. मेकॅनिकनं बजावलं होतं, डिझेलची टाकी कोरडी पडू देऊ नको, नळीत हवा शिरते. तेव्हा मी नुसती मान हलवली होती! स्क्रू ढिला केला, हातपंप मारत बसलो, बुडबुडे संपले आणि इंजिन धडधडलं! गावानं टाळ्या पिटल्या. माझी पोर टाळ्यांच्या गजरात सासरी निघाली. रडत होती ती एकटी मनकर्णा.

कुरखेड्याला पोचलो, तर स्टार्टर मारून मारून बॅटरी बसलेली आणि नळीत थोडी हवा अजून उरलेली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन मरणार, आणि धक्का मारायला वऱ्हाडात जीव उरला नव्हता. मी जागचा हललो नाही. कमळा माझ्या दाराशी आली. माझा डावा पाय तेवढा मोकळा होता, त्यालाच हात लावून पाया पडली. डोळे पुसत काहीतरी बोलली.

"का म्हणतं, माय?" मी ओरडलो.

ती पुन्हा बोलली. ओठ हलताना दिसले, बाकी सगळी धडधड! सासरच्या बायकांनी तिला आत नेलं. सगळं कळल्यासारखी मी मान हलवली.

परतताना रस्ताभर रडलो. मोठ्यानं रडलो! त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

मनकर्णा दारातच उभी होती.

"जाताना का म्हणे पोरगी?"

मी बादलीकडे वळलो, तोंडावर पाणी मारलं.

"इंजन मस्त आहे म्हणे!"